ब्रिस्टलमधली रोमन मोरी

"तुम्ही अंघोळ बसून करता की उभ्यानं?"

खोली बघायला गेलेल्या एकट्या मुलीला कुणी हा प्रश्न विचारतं का? मी नुकतेच काढलेले बूट सरळ पायात घालायला लागले. नागपूरहून ब्रिस्टलला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑफिसातल्या एकीनं, "एक मराठी काका आहेत, वरची खोली देतात, थोडे ऑड आहेत पण हार्मलेस," असं सांगून मला त्या घरी पाठवलं होतं. थोडे ऑड, बाप्पा!

दारात ऐंशी ओलांडलेले, उंच आणि कमरेत वाकलेले गृहस्थ उभे होते. स्वेटरला दोन खिसे. एकात चष्म्याचं घर, दुसऱ्यात पाना. माझा चेहरा बघून त्यांना आपण काय विचारून बसलो ते कळलं असावं.

"गैरसमज नको," ते म्हणाले. "मी हीटिंग इंजिनिअर आहे. तुमच्या उत्तरावर या घरात तुमचं जमणार की नाही ते ठरतं, म्हणून विचारलं."

"बसून," मी एक बूट पायात आणि एक हातात अशी उभी राहून म्हणाले. "बादली आणि मग. शॉवरखाली मला अंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही."

"बस्स! खोली तुमची."

मग त्यांनी मला आधी खोली दाखवायची सोडून बाथरूम दाखवलं. टब नव्हता. ब्रिस्टलच्या त्या रांगेतल्या शंभरेक घरांत टब नसलेलं ते एकच घर असणार. टबाच्या जागी चक्क मोरी होती! तीन बाजूंनी वीतभर कठडा, खडबडीत फरशी, कोपऱ्याकडे अचूक उतार, पितळी नळ, बादली, आणि मधोमध लाकडी पाट. पाय ठेवला तर फरशी कोमट. खाली गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या. बाहेर जानेवारीचा गारठा आणि माझ्या तळपायाखाली ती ऊब. खरं सांगते, मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. दारावर पितळी पट्टी होती, "कॅल्डेरियम". म्हणजे रोमन स्नानगृहातली गरम खोली. बाहेरच्या बोळाला ते "फ्रिजिडेरियम" म्हणत, थंड खोली. ते नाव अगदी सार्थ होतं. त्या बोळात जाताना मी टोपी घालायचे.

काकांचा एक नियम होता. माणसांना अहो-जाहो, यंत्रांना अगं-तुगं. पोस्टमन, शेजारची पाच वर्षांची मुलगी, मी, सगळ्यांना "तुम्ही". बॉयलरला मात्र "काय गं बाई, आज का रुसलीस?" नळांना "अरे गाढवा". मी त्यांना म्हटलं, काका, मला अगं म्हणा, मी तुमच्या नातीच्या वयाची. ते म्हणाले, "अगं म्हटलं की दुरुस्त करायची जबाबदारी माझ्यावर येते. तुमची नको."

ते मूळचे मिरजेचे. तरुणपणी इकडे आले आणि इंग्लंडच्या उभ्या साउथ-वेस्टमधली हॉस्पिटलं, शाळा, पोहण्याचे तलाव गरम करण्यात त्यांची सगळी हयात गेली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. काकूंबद्दल ते एक अक्षर बोलत नसत, आणि मी विचारलंही नाही. बोलायचे ते रोमन लोकांबद्दल. सकाळी चहाला रोमन, संध्याकाळी खिचडीला रोमन.

जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत बारा चित्रं होती. चॅरिटी शॉपमधून आणलेली, कुणाच्या गॅरेजमधून उचललेली, एक तर कॅलेंडरचं पान कापून फ्रेम केलेलं. बाराही चित्रांत एकच विषय, रोमन स्नानगृहांचे पडके अवशेष. प्रचंड कमानी, कमानींवर उगवलेली झाडं, खाली शेळ्या, कुठे वाळत घातलेले कपडे, आणि हमखास हातात काठी घेऊन वर बोट दाखवणारे दोन इवलेसे पुरुष. जुन्या काळी युरोपातले चित्रकार रोमला जाऊन असली चित्रं करत आणि पैसेवाले लोक ती दिवाणखान्यात लावत, हे मला काकांकडूनच कळलं.

"पडझडीचं कौतुक!" ते नाक मुरडायचे. "छप्पर होतं तोवर कुणी ढुंकून पाहिलं नसेल. कोसळलं की यांना गोड वाटतं."

मग ती नावडती चित्रं भिंतीवर कशाला, तर ती तपासायला. काका चित्रं बघत नसत, ती तपासत. हातात भिंग आणि फूटपट्टी. "ही बाई पाच फूट धरा," ते चित्रातल्या नखाएवढ्या बाईवर पट्टी ठेवून सांगायचे. "तर मग ही कमान झाली दोनशे फूट. आहे का एवढी? नाही! मी जाऊन मोजून आलोय. म्हणजे यानं माणसं मुद्दाम चिमुकली काढली, इमारत अजस्र दिसावी म्हणून. खोटारडा लेकाचा!" आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "आता मला सांगा, पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे?" कारण त्या चित्रकारांनी वेली काढल्या, ढग काढले, शेळीची दाढीसुद्धा काढली, पण गटार कुणी काढलं नाही. भट्टी काढली नाही. "हे म्हणजे लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच नसण्यासारखं," असं ते म्हणायचे.

बारातलं एकच चित्र त्यांच्या मर्जीतलं होतं. सर्वांत लहान, डाग पडलेलं, खाली कुणाची सही नाही. त्यात नुसती तुटलेली भिंत. भिंतीच्या आत पोकळ विटांची रांग दिसते, आणि त्या विटांवर काळपट छटा.

"काजळी!" काका कुजबुजत, मंदिरात बोलल्यासारखे. "खाली भट्टी पेटवायची, धूर आणि गरम हवा फरशीखालून घालवायची, भिंतीतल्या पोकळ विटांतून वर काढायची. आख्खी खोली पोटातून गरम. फरशी इतकी तापायची की लाकडी तळव्याच्या चपला घालून आत जात. यानं एकट्यानं धूर बघितला. याचा बाप नक्की प्लंबर असणार."

मला खरंच गंमत वाटायला लागली होती. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि तोंडावर सांगायच्या, याचाच पगार मिळतो मला. त्यामुळे मीही जिन्यात बसून भिंग घेऊन शोधायला लागले. एकदा मी विचारलं, "काका, बारातल्या नऊ चित्रांत कपडे वाळत घातलेत. पडक्या स्नानगृहात कपडे कुठून?"

काका थबकले. पुन्हा नऊही चित्रं बघून आले. "अहो, म्हणजे पाणी अजून तिथंच होतं," ते हळूच म्हणाले. "बादशहा गेले, छप्पर गेलं, पण कुठेतरी पाणी झिरपत होतं आणि ते बायकांना ठाऊक होतं." त्यांनी एक चित्र उतरवलं, पाठीमागे पेन्सिलनं माझं नाव लिहिलं आणि पुढे "निरीक्षण" असं लिहून खाली रेघ मारली. माझ्या कुठल्याच अप्रेझलनं मला एवढा आनंद दिलेला नाही.

महिन्यातून एका रविवारी आम्ही बाथला जायचो. ब्रिस्टलहून ट्रेननं पंधरा मिनिटं. तिथलं रोमन स्नानगृह म्हणजे मधोमध हिरव्या पाण्याचा मोठा हौद, त्यावर वाफ, भोवती खांब, वर गच्ची आणि गच्चीवर पुतळे. लोक येऊन पुतळ्यांचे फोटो काढतात. काका त्यांच्या मागे जाऊन उभे राहत.

"एक्स्क्यूज मी. गुडघ्याच्या वर सगळं नवीन आहे."

लोक स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत. मग काका समजावत की खांबांचे बुंधे तेवढे रोमन, त्यावरचं बांधकाम, गच्ची, पुतळे, सगळं फार नंतरच्या इंग्रजांनी चढवलेलं. फोटो काढायचा तर खाली वाकून काढा. एक स्पॅनिश जोडपं खरंच जमिनीवर पालथं पडलं होतं. तिथला एक रखवालदार काकांना चांगला ओळखायचा. निघताना विचारायचा, "सर, आज किती जणांना वाकवलंत?"

काकांचा स्वतःचा एक सिद्धांत होता, आणि त्यावर त्यांचा फार जीव होता. जगाला वाटतं की रोमन लोक नुसते हौदात डुंबायचे. साफ चूक! "साचलेल्या पाण्यात बसून राहणं म्हणजे स्वतःच्या मळाचा रस्सा करणं. रोमन माणूस एवढा अडाणी नव्हता. आधी अंगाला तेल, मग वाकड्या पट्टीनं खरवडणं, मग दांडीच्या भांड्यानं अंगावर पाणी ओतून घेणं, आणि हौद शेवटी, गप्पांपुरता. म्हणजे आपलं अभ्यंगस्नान! फक्त उटणं नाही." एका दिवाळीत त्यांनी तांब्याच्या नळीची वाकडी पट्टी करून मला दिली होती, खरवडायला. माझ्या कोपराचं सालटं निघालं. दोन दिवस मी ऑफिसात लांब बाह्या घालून फिरले.

पुरावा म्हणून ते मला तिथल्या संग्रहालयातल्या एका काचेच्या कपाटापुढे नेत. आत तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यातून निघालेली दांडीची पसरट भांडी. पाटीवर लिहिलेलं की भक्तांनी ती झऱ्याच्या देवीला वाहिली. काका म्हणत, "वाहिली, मान्य. पण माणूस देवीला तेच देतो ना जे स्वतःला लागतं? हा मग आहे. नीट बघा. दांडीचा मग!"

मी घरी येऊन चार पुस्तकं, दहा लेख धुंडाळले आणि त्यांना सांगितलं, "काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. पाणी ओतून घ्यायचे, त्याला आधार आहे. पण डुंबायचेही भरपूर."

"निम्मं?" ते भडकले. "गळका नळ निम्मा बंद असतो का?" आणि त्या दिवशी माझ्या खिचडीवर तूप पडलं नाही.

त्याच संग्रहालयात शिशाच्या पातळ पट्ट्या आहेत. अंघोळीला गेलेल्यांचे कपडे चोरीला जायचे. मग ते लोक शिशावर तक्रार खरडून, गुंडाळून झऱ्यात टाकायचे. देवी, माझा अंगरखा ज्यानं नेला त्याची झोप उडव, अशा थाटात. काकांना ही पद्धत इतकी आवडली की टेकअवेच्या डब्यांची ॲल्युमिनियमची झाकणं ते धुऊन जपून ठेवत आणि खिळ्यानं त्यावर तक्रारी लिहीत. गेटसमोर गाडी लावणाऱ्याविरुद्ध. टब विकणाऱ्या दुकानाविरुद्ध. गुंडाळी करून ती मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाशेजारी कुंडीखाली सरकवायची. मी म्हटलं, ड्रेनमध्ये का नाही टाकत, देवीला लवकर पोचेल. त्यावर माझ्याकडे असं बघितलं! "ड्रेन तुंबेल की. देवी आपल्या जागी, ड्रेन आपल्या जागी."

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसले ते.

दुसऱ्या हिवाळ्यात काकांचे गुडघे गेले. नोव्हेंबरात एका सकाळी बाथरूममधून हाक आली, "अहो, जरा येता का? घाई नाही." आत टॉवेल गुंडाळून काका पाटावर ताठ बसले होते. "पाटानं धरून ठेवलंय," ते म्हणाले. मी मागून काखेत हात घालून त्यांना उठवलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्या वेळी हाक मारण्याआधी ते पाऊण तास तसेच बसून होते. ओठ निळसर पडले होते. फरशी कोमट होती म्हणून निभावलं.

"पिनरला कळता कामा नये," त्यांनी माझा हात घट्ट धरून सांगितलं. "शब्द द्या." आणि मी, मूर्खासारखी, दिला.

लंडनच्या पिनर उपनगरात त्यांची मुलगी राहायची. इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर, दोन मुलं. दर रविवारी फोन करायची. तिला बापाचा आवाज ऐकूनच काहीतरी समजलं असावं. एका रविवारी तिनं मला फोनवर घेतलं.

"तू खरं सांग हं. बाबाची चालणं कसा आहे? आमच्याकडे खाली पूर्ण रूम रेडी आहे, एन-सूट बाथरूम, एव्हरीथिंग. पण तो ऐकतच नाही. ही हट्ट मला कळत नाही. बाबा पडला तर आय विल नेव्हर फर्गिव्ह मायसेल्फ."

मी "बरे आहेत" असं काहीतरी गुळमुळीत बोलले. मला माझीच लाज वाटली.

शेवटी बाप-लेकीत तह झाला. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, घर तपासायला एक बाई येईल. म्हाताऱ्या माणसांना घरात उठता-बसता येतं का, हे बघणारी थेरपिस्ट. तिनं घर सेफ आहे म्हटलं तर काका इथेच. नाही म्हटलं तर महिन्याभरात पिनर.

"तिच्याकडे टब आहे," काका मला म्हणाले. वाघ आहे असं सांगावं तसं. मग म्हणाले, "या घरातून मला हलवलं ना, तर मी संपलो. तिकडे मी कुणाचा तरी म्हातारा होईन. इथे मी मी आहे." असं सरळ ते कधी बोलत नसत.

ती बाई येणार त्याआधी आठ दिवस त्यांनी परीक्षेसारखी तयारी केली. पितळी पट्टी चिंचेनं घासली. चित्रांच्या काचा पुसल्या. जिना चढायची प्रॅक्टिस केली. मोरीतल्या उठण्या-बसण्याची मात्र केली नाही, हे मला दिसत होतं.

बाई आली ती माझ्याच वयाची, पायात ट्रेनर्स, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी. हसरी. चित्रं बघून थांबली, प्रश्न विचारले. काकांची कळी खुलली. कॅल्डेरियममध्ये गेल्यावर तर ती चक्क म्हणाली, "कमाल आहे! आम्ही लोकांच्या घरातले टब काढून नेमकं हेच करून देतो. याला वेट रूम म्हणतात. आणि तुमचा उतार तर आमच्या माणसांपेक्षा चांगलाय."

"ऐकलंत?" काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. "दोन हजार वर्षांनी आले वळणावर!"

"आता तुम्ही कसे बसता आणि उठता, दाखवाल?" तिनं विचारलं.

काका कठड्याला धरून पाटावर बसले. छान बसले. आणि बसल्या बसल्या बोलायला लागले. भट्टी, पोकळ विटा, लाकडी चपला, तेल, दांडीचे मग. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती शांतपणे ऐकत होती. मला कळलं की तिलाही कळलंय. हा माणूस उठायची वेळ पुढे ढकलत होता. शेवटी विषय संपले. त्यांनी उठायचा प्रयत्न केलाच नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही इथे राहता ना? यांना रोज हे एकट्यानं जमतं का?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आजही विसरता येत नाही. एवढा ताठ माणूस, खाली बसून, माझ्यासारख्या काल आलेल्या पोरीकडे डोळ्यांनी भीक मागत होता. मी शब्द दिला होता. नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्यांचं घर, त्यांची चित्रं, ती मोरी, सगळं त्या एका "हो"वर राहणार होतं. पण मला त्यांचे निळे ओठ दिसले. मी नसते तर? ऑफिसला गेलेली असते तर?

"नाही," मी म्हणाले. "जमत नाही. दोनदा मी उचललंय."

आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. त्यांनी स्वेटर नीट केला, मला इंग्रजीत "थँक यू, मॅडम" म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर चार दिवस काका फक्त बॉयलरशी बोलले. "बघ गं बाई, या घरात आता भरवशाची तूच एक," असं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मला राग आला, वाईट वाटलं, पुन्हा राग आला. मी काय गुन्हा केला होता? तिसऱ्या दिवशी अंगणात कुंडीखाली नवी गुंडाळी दिसली. म्हटलं, आता माझ्या नावानं आली देवीकडे तक्रार! न राहवून उलगडली. खिळ्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "माझे दोन्ही गुडघे, उजवा आणि डावा, यांनी ऐन वेळी दगा दिला. यांना सोडू नये." मी ती होती तशी गुंडाळून परत ठेवली आणि तिथंच पिंपाजवळ बसून पोटभर रडून घेतलं.

चौथ्या दिवशी कौन्सिलचं पत्र आलं. घर चालेल. पाट मात्र नको. भिंतीत पक्की बसवलेली उंच खुर्ची, दोन दांडे आणि ओढायची घंटा लावा, मग काका खुशाल इथे राहू शकतात. मला तर वाटलं, सुटलो! पण काकांनी पत्र वाचून टेबलावर पालथं टाकलं. "पाट हलणार नाही," एवढंच, तेही बॉयलरला. खुर्ची नाही म्हणजे पिनर, हे त्यांना काय कळत नव्हतं? मी डोक्याला हात लावला.

पाचव्या दिवशी रविवार होता. माझ्या दारावर टकटक झाली. "बाथला जायचंय. येता?"

संग्रहालयात काका थेट त्या भांड्यांच्या कपाटाकडे गेले आणि समोरच्या बाकावर बसले. मीही बसले.

"पाट आमच्या हिचा आहे," ते म्हणाले. "मिरजेहून विमानातून आणला होता. कपड्यांत गुंडाळून."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"टबात पाट ठेवून त्यावर बसायची, आणि बादलीतलं पाणी घ्यायची. चाळीस वर्षं. दर वर्षी म्हणायची, अहो, एवढीशी मोरी करून द्या ना. मी म्हणायचो, इथे असं करत नाहीत. शेजारी काय म्हणतील. जगाची बाथरूमं केली मी, अहो, आणि तिला चार फुटांचा तुकडा दिला नाही." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "ती गेल्यावर पहिल्यांदा इथे आलो. पन्नास वर्षं पंधरा मिनिटांवर राहत होतो. हे बघितलं. इथे असं करत नाहीत म्हणत होतो ना मी? इथेच करत होते. आणि मग घरी जाऊन टब फोडला. कुणासाठी?"

"काका..."

"थांबा, ते नाही सांगायचंय. ती टबातून उतरताना पडली. मनगट मोडलं. हॉस्पिटलमधून सोडताना नर्सनं मला विचारलं, यांना घरी बाथरूममध्ये एकट्यानं जमतं का? ही बेडवरून माझ्याकडे बघत होती. हो म्हणा, असं डोळ्यांनी सांगत होती. तिला घरी यायचं होतं हो. मी म्हणालो, जमतं, एकदम व्यवस्थित. तीन आठवड्यांनी ती पुन्हा पडली. त्यानंतर ती घरी आली नाही."

समोरून शाळेच्या मुलांची एक रांग गेली.

"मी तुमच्याकडे तसाच बघत होतो ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चार दिवस मला वाटत होतं मी तुमच्यावर चिडलोय. उद्या त्या कौन्सिलच्या बाईंना कळवा. खुर्ची बसवू दे. पाट मी खोलीत ठेवतो."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे पिनर टळलं. मी लगेच फोन काढला. "मुलीला सांगू का? वाट बघत असेल ती."

"लावा. पण खुर्चीचं नंतर. आधी तिला तिच्या आईचं सांगायचंय. तिला माहीत नाही. ती समजते, हॉस्पिटलनं चूक केली. सात वर्षं मी समजू दिलं."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा? एव्हरीथिंग ओके?"

"नाही," काका म्हणाले.